भवानीचं गिऱ्हाईक

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं नवराबायको गाळ्यावर मटार सोलत बसलो होतो. मंडईत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. शेजारचे गाळेवाले तोंडावर पंचा टाकून आडवे होतात. हिला दुपारची झोप माहीत नव्हती. हिंजवडीच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरापोरींना शेंगा सोलायला वेळ नसतो, म्हणून सोललेले दाणे पिशवीत भरून विकायचे, ही अक्कल हिची. पहिल्यांदा मी म्हणालो होतो, "उद्या घास भरवायला बोलावतील." ही म्हणाली, "बोलावू देत. त्याचा भाव वेगळा लावू."

तेवढ्यात एक बाई आल्या. गाळ्यात आमच्या मुलीचा फोटो लावलेला आहे, तो बघून म्हणाल्या, "ही तुमचीच ना हो? उद्याची तिकिटं काढलीत आम्ही. घरात कोणी नाटकातलं नाही, मग तुम्ही पाठवलंत कसं हिला?"

मी छाती काढून म्हणालो, "मीच पाठवली. आपण आडवं येत नसतो कधी."

बाई मटार घेऊन गेल्या. हिनं शेंगेवरची नजर न काढता विचारलं, "तुम्ही पाठवली?"

"मग कोणी?"

"ते नाटकवाले त्या दिवशी भवानीला आले, ते आपले आपण आले असं वाटतं का तुम्हाला अजून?"

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"मी धाडले होते," ही म्हणाली. "आदल्या संध्याकाळी त्यांच्या तालमीच्या जागी जाऊन सांगून आले. म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक म्हणून याल तर काम होईल. दुसरे आलात तर शिव्या खाल."

"म्हणजे मला फसवलंस."

"फसवलं कुठं? नुसतं पहाटे उठायला लावलं त्यांना."

आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. मला आधी राग आला, मग मीही हसलो. दुसरं काय करणार? हसून झाल्यावर म्हणाली, "चहा सांगा." मी चहा सांगून आलो तर ही बटाट्याच्या पोत्याला टेकून बसलेली, मांडीवर मटाराचं ताट. मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी दुपारची झोपली. झोपली नव्हती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, गाळ्यावरच गेली होती.

माझी शाळा चौथीपर्यंत, हिची तीही नाही. लोक आमच्या मुलीबद्दल पेपरात काय काय छापतात. एकानं तर छापलं की तिच्या रक्तात कला होती. हा पेपरवाला गाळ्यावर आला होता तेव्हा मला विचारत होता, "घरात कलेचं वातावरण होतं का?" मी म्हणालो, "वातावरण कांद्याचं होतं." ते त्यानं छापलं नाही. म्हणून आता मीच लिहितो.

मुलगी मंडईत वाढली. शाळा सुटली की दप्तर घेऊन गाळ्यावर यायची, कोबीच्या पाटीमागं बसून गृहपाठ करायची आणि गिऱ्हाइकांकडे बघत राहायची. गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल. एक आजोबा प्रत्येक वांगं कानाशी धरून वाजवून बघायचे, जसा काही नारळच. ते पोरीनं असं करून दाखवलं की शेजारचा गाळेवाला हसता हसता पाटीत बसला. मी रागवायचो. गिऱ्हाइकाची टिंगल म्हणजे धंद्याचं नुकसान. आई मात्र रागवायची नाही. ती म्हणायची, "आजोबांचा डावा हात थरथरतो, तो तू विसरलीस." पोरगी परत करून दाखवायची, या वेळी थरथरत्या हातानं, आणि मग कोणी हसायचं नाही. 

एकदा ती एका बाईंची नक्कल करत होती. त्या बाई शेवग्याच्या एका शेंगेसाठी पाव तास घासाघीस करायच्या. पाठीमागून खुद्द त्याच आल्या. माझा जीव अर्धा झाला. बाईंनी चष्मा वर केला. "मी अशी बोलते?"

पोरगी न घाबरता म्हणाली, "बोलता अशाच. पण पिशवी याहून हळू उघडता. ते मला अजून जमत नाही."

बाई शाळेत शिकवायच्या. दुसऱ्या आठवड्यात तिला शाळेच्या संमेलनात उभी केली. घासाघीस चालूच ठेवली, ते वेगळं.

अशी ती. हट्टी, तोंडाची फटकळ. रडणं नाही. पडली तर आधी कोणी बघितलं का ते बघायची. तोंडानं माझ्यावर गेली, डोळ्यांनी आईवर.

पुढं ती इंजिनियरिंगला गेली. कॉम्प्युटरचं. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला तेच व्हायचं होतं. हिंजवडीकडं शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, वारज्याला आमच्या शेजारच्या पोरांना घ्यायला कंपनीच्या गाड्या दारात यायच्या. मला एवढंच पाहिजे होतं की आपल्या दारातही गाडी यावी. भर पावसात ओली पाटी डोक्यावर घेऊन जिना चढणं माझ्या मुलीच्या वाट्याला नको. कॉलेजात ती एकांकिका करायची, बक्षिसं आणायची. मी म्हणायचो, करू दे, शिकतेय तोवर.

शेवटच्या वर्षी तिला कंपनीचं पत्र आलं. मी मंडईभर पेढे वाटले. आणि त्याच महिन्यात एका नाटकाच्या दिग्दर्शकानं तिला मोठ्या नाटकात घ्यायचं ठरवलं. धंद्याचं नाटक, गावोगाव दौरे, कंपनीत जायच्या नेमक्या त्याच दिवसापासून तालमी. तिनं रात्री जेवताना विचारलं. मी ताटावरून उठलो. म्हणालो, "चार वर्षं शिकवली ती तोंड रंगवायला नाही. नाही म्हणजे नाही." ती काही बोलली नाही. आईही बोलली नाही, ताटं उचलली. ही गप्प बसली की सावध व्हायला पाहिजे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती.

आता भवानी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती झाल्याशिवाय आम्ही चहासुद्धा घेत नाही. भवानीच्या गिऱ्हाइकाला "नाही" म्हणायचं नाही. त्यानं मागितलेलं गाळ्यावर नसेल तर शेजाऱ्याकडून आणून द्यायचं. पहिला माणूस रिकाम्या हातानं गेला की दिवस रिकामा. माझ्या बापानं पाळलं, मी पाळलं. हिला ते माझ्याहून पक्कं माहीत.

दोन दिवसांनी सकाळी सहालाच एक वाळका माणूस गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरी दाढी, खांद्याला झोळी, डोळ्यांवर झोप. मी तागडीला नमस्कार केला आणि विचारलं, "काय देऊ?"

"देणार का पण?"

"मागा तरी. भवानी आहे, नाही म्हणत नाही आम्ही."

"बघा हं."

"अहो, बघायचं काय? मागा."

तो माणूस म्हणाला, "तुमची मुलगी द्या. सहा महिने. नाटकासाठी."

माझ्या हातात तागडी तशीच लटकत राहिली. शेजारच्या गाळ्यावरची लिंबंवाली मावशी मोठ्यानं म्हणाली, "झालं! आता बोला की, दादा! भवानी आहे!" चार गाळेवाले गोळा झाले. हिनं तेवढ्यात कोथिंबिरीवर पाणी मारायला घेतलं होतं, पाठ माझ्याकडं.

मी म्हणालो, "असली गिऱ्हाइकी नसते."

मावशी म्हणाली, "गिऱ्हाइकी कसली ते गिऱ्हाईक ठरवतं. तुमचाच बाप सांगायचा."

मी त्या माणसाला विचारलं, "सहा महिन्यांनी काय?"

"नाही चालली तर परत आणून देतो."

"घेतलेला माल आम्ही परत घेत नाही," मी म्हणालो.

तो हसला. मी हसलो नाही. त्याला एक फ्लॉवर दिला, पैसे घेतले, कपाळाला लावले. झाली भवानी. कंपनीवाल्यांनी सहा महिने थांबायला नकार दिला. ते नोकरीचं पत्र मी गादीखाली कितीतरी दिवस ठेवलं होतं. पोरीशी महिनाभर बोललो नाही. सगळ्यांना सांगितलं, देवानं पाठवला तो माणूस, माझा इलाज नव्हता. देव कोथिंबिरीवर पाणी मारत होता.

पहिल्या प्रयोगाला गेलो तो तोंड वाकडं करून. ती रंगमंचावर आली, एका म्हाताऱ्या बाईच्या कामात. बावीस वर्षांची पोर, पण खाली बसताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली ती अशी, की माझेच गुडघे दुखले. तिनं थैली उघडली. हळू. दोन बोटांनी नाडी सोडवत. ते तिला आता जमलं होतं.  मग टाळ्या. मी हिला म्हणालो, "बरं केलं." ही म्हणाली, "बरं? एवढंच?" मी म्हणालो, "भाव लगेच चढवायचा नसतो."

सहा महिन्यांचं नाटक दोन वर्षं चाललं. मग टीव्हीवरची मालिका आली आणि मंडईची तऱ्हाच बदलली. बायका भाजी घ्यायच्या आधी हिला विचारायच्या, "पुढं काय होणार हो? नवरा परत येतो का?" ही म्हणायची, "अर्धा किलो गवार घ्या, सांगते." हिला काही माहीत नसायचं, दर गिऱ्हाइकाला वेगळं सांगायची. मग सिनेमा आला. सिनेमाच्या जाहिरातीचं बघणाऱ्या एका पोरानं तिला शिकवलं की वडील शेतमालाच्या व्यवसायात आहेत असं सांग, बरं दिसतं. ती मोठ्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन म्हणाली, "आईवडील मंडईत भाजी विकतात. आईला नीट लिहिता येत नाही, पण माझं काम कुठं खोटं पडलं ते सगळ्यांआधी तिला कळतं." आम्ही ते टीव्हीवर बघितलं. हिनं नुसतं नाक ओढलं आणि म्हणाली, "सर्दी झाली."

दोन वर्षं सिनेमे करून ती परत नाटकात येत होती. त्याचा पहिला प्रयोग पुण्यात, शनिवारी संध्याकाळी. आणि शुक्रवारी दुपारी ही गेली.

मुलगी तालमीतून तशीच धावत आली. संध्याकाळी सगळं उरकलं. घरी माणसं जमली. माझा मेहुणा, हिचा मोठा भाऊ, भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "उद्याचं नाटक रद्द करा. सुतक आहे. तेरा दिवस दाराबाहेर पाऊल नाही. लोक शेण घालतील तोंडात."

निर्मात्याचा फोन आला. बिचारा भला माणूस. म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं. रद्द करू."

मी मुलीकडं पाहिलं. ती आईच्या पातळाची घडी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "अण्णा, माझ्याच्यानं होणार नाही. मी स्टेजवर गेले की आधी तिच्याकडं बघते. उद्या कुणाकडं बघू?" आयुष्यात पहिल्यांदा तिला चार माणसांत रडताना बघितलं. ही असती तर पोरीला काय बोलायचं ते हिला कळलं असतं. मला कळलं नाही. मी निर्मात्याला म्हणालो, "सकाळी सांगतो."

सकाळी आंघोळ केली आणि कुणाला न सांगता बस धरून थिएटरवर गेलो. मला माहीत होतं, मी आत जाऊन सांगितलं तर पास देतील. पण लोक काय करतात ते मला बघायचं होतं. तिकीटखिडकीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेली दोन पोरं.

"अरे, काल तिची आई गेली म्हणे. शो होणार का?"

"माहीत नाही यार. पण कॅन्सल झाला तरी मी रिफंड घेणार नाही. नंतर करेल ना. तेव्हा येऊ."

"तिकीट तरी कुठंय आपल्याकडं रिफंड घ्यायला?"

खिडकीत त्यांचं लगेच उरकलं. मान हलवत परत गेली. मी पुढं झालो. म्हणालो, "एक द्या."

खिडकीतल्या माणसानं वर बघितलंही नाही. "संपलंय."

"बाल्कनीत?"

"काका, बाल्कनी बुधवारीच संपली."

"काल बातमी आली म्हणतात. कोणी परत द्यायला आलं असेल की."

आता त्यानं वर बघितलं. मला ओळखलं नाही. म्हणाला, "एकही माणूस आला नाही. सकाळपासून फोन येतायत, पण ते तिकिटं परत करायला नाही. सगळे एवढंच विचारतात, ती बरी आहे ना."

मी बाजूला झालो. तिथल्या पायरीवर बसलो. काल दिवसभर डोळ्यात पाणी आलं नव्हतं, ते तिथं आलं. पण वाईट वाटून नाही. मटार विकणाऱ्या बाईची पोरगी, आणि पुण्यातल्या माणसांनी एकही तिकीट परत केलं नाही. पुण्यातल्या! जे जुडीतली एक काडी पिवळी निघाली तरी जुडी परत आणतात!

घरी आलो. मेहुणा दारातच होता. "कुठं गेला होतात?"

"तिकीट काढायला."

"आज? सुतकात? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात तेच विचारून आलोय," मी म्हणालो आणि आत गेलो.

मुलगी तशीच बसली होती, पातळ मांडीवर. मी समोर बसलो. म्हणालो, "मला तिकीट मिळालं नाही. भरलंय सगळं. एकानंही परत दिलं नाही. तू बरी आहेस का विचारतायत."

ती माझ्याकडं बघत राहिली. आईसारखं, पापणी न हलवता.

"आता त्यांना काय सांगायचं ते तू सांग. मी नाही सांगणार," मी म्हणालो.

 मग तिनं पातळाची घडी नीट केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून न्हाणीघरात गेली. पाण्याचा आवाज आला. पाणी अंगावर घेता घेता ती नाटकातली वाक्यं म्हणायला लागली. आधी पुटपुटत, मग सगळ्या घराला ऐकू येईल अशी.

मी फोन उचलला आणि निर्मात्याला म्हणालो, "प्रयोग होईल. आणि तुमच्या खिडकीतला माणूस मला तिकीट देत नाही. कडेला कुठंतरी एक खुर्ची टाका. उभं राहवत नाही आता."