मंडईच्या दिवशीची मासोळी

हे मी मंदालाही बोललो नाही. मंदा म्हणजे माझी बायको, आणि माझं पोट कापल्याची गोष्ट आमच्या मुर्री गावात, गोंदियात, अख्ख्या झाडीपट्टीत त्या एकटीलाच माहीत आहे. म्हणजे बघा — जिला माझ्या पोटातलं सगळं ठाऊक, तिलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कोण, कुठले, माहीत नाही. तरी सांगायला बसलो आहे. पडदा उघडायच्या आधी विंगेत उभा राहतो ना, तसा!

मी नाटकातला माणूस. विनोदी नट. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच — प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, घरं पाहुण्यांनी फुललेली, आणि त्या रात्री गावात नाटक हवं म्हणजे हवंच. बावीस वर्षं मी त्या नाटकांत एकच काम केलं. जाड्याचं! आधी माझं पोट रंगमंचावर यायचं, मग मी. तोंड उघडायच्या आत हशा. दोन हजार माणसं एकदम हसतात तेव्हा अंगावर काय काटा येतो, ते तुम्हाला कसं सांगू? पिणाऱ्यांनी आपल्या दारूची तारीफ करावी, मला एवढी नशा पुरे होती.

आणि हे नाटक जेवणाच्या पंगतीतही चालायचं. भाऊ — मला सगळे भाऊच म्हणतात — किती भात रिचवतात ते बघायला लोक भोवती उभे राहायचे, वाढणारे चढाओढीनं वाढायचे, आणि मी रिचवायचो. एका गावात एकवीस वडे खाल्ले होते. अजून तिथले लोक सांगतात.

मग साखर वाढली, गुडघे गेले, रंगमंचाच्या चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जठराचा मोठा भाग काढून टाकू. पावसाळ्यात आमची नाटकं बंद असतात, तेव्हा गुपचूप उरकून घेतलं. कंपनीत सांगितलं, पहाटे चालायला जातो, गोड सोडलं. खोटं का बोललो? अहो, पोटावर ज्याची भाकरी, त्यानं पोटच कापून घेतलं हे कळलं असतं तर हसलं कोण असतं?

वजन मात्र उतरू लागलं, काय सांगू! पायजमा सुटायला लागला, मी पायांची बोटं पाहिली, मंदाला हाक मारून दाखवली. फक्त जाड्याचं काम करायला जाड्या उरला नाही. मग मंदानं कापसाची उशी शिवून दिली, मागे नाड्या बांधायच्या. वाढलेलं पोट कापून यायचं आणि रोज संध्याकाळी पोट बांधून घ्यायचं — माझं मलाच हसू यायचं.

पण मळमळ सुरू झाली, ती जाईना. डॉक्टरांनी सगळं सांगून पाठवलं होतं: वाटीभरच जेवा, घास बारीक चावा, जेवताना पाणी पिऊ नका. घरी मी पाळायचो. तरीही फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, उलटीआधी सुटतं ते. बरगडीच्या खाली कोणी मूठ पिळल्यासारखी कळ यायची. गालात आल्याचा तुकडा धरायचा, रुमालात चिरलेलं लिंबू ठेवायचं, जिऱ्याचं पाणी घोट घोट घेत राहायचं — असे माझे दिवस चालले होते. नाटकात कळ आली की मी उशीसकट वाकायचो, आणि लोकांना ती नक्कल वाटायची. टाळ्या! उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी गेलो नाही. हंगाम भरात होता, रोज एक गाव, आणि दोन दिवस सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं.

मूळ गोष्ट बाजूलाच राहिली. सांगतो, थांबा.

केशोरीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, गावाचा त्यात काही दोष नाही. तिथे मंडईला आमच्या कंपनीचा स्वयंपाक गिरजाबाई करायची. साठीची, काटक, नवरा कधीचाच वारलेला. तिच्या हातचं मासोळीचं कालवण खायला मिळावं म्हणून नट मंडळी त्या गावाची तारीख मागून घ्यायची. गावातही तिला मान होता. कुणाकडे कार्य असलं की आधी गिरजाबाईला विचारायचे, मग भटजीला.

शाळेच्या पटांगणात दुपारची पंगत बसली. तिनं स्वतः येऊन वाढलं, भाताचा डोंगर आणि वर कालवण. भोवती गर्दी. मी दोन घास हळू चावले, तर ती म्हणाली, "काऊन भाऊ, बाईवानी चिवडून राहिले? सकारी तलावातून जिती काढून आनली मासोरी!" सगळे हसले. आणि झालं, मला चढलं! बाह्या सरसावल्या, मोठे मोठे घास घेतले, वर तांब्याभर पाणी. लोक ओरडू लागले. मी दहाव्या घासाला होतो का बाराव्या, आठवत नाही. कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधार. उठलो, भिंतीकडे धावलो, सगळ्यांच्या देखत भडाभडा ओकलो.

मला त्याच क्षणी माहीत होतं. हे नीट ऐका. मला पक्कं माहीत होतं की हे माझं कापलेलं पोट आहे. पण मंडई समितीचे अध्यक्ष पाठीवर हात फिरवत होते, "काय झालं, भाऊ?" म्हणत होते, आणि माझ्या तोंडून निघालं —

"मासोरी बिघडली वाटते."

तीन शब्द. बघता बघता पंगत उठली. ज्यांनी बोटं चाटत खाल्लं होतं, त्यांचीही पोटं ढवळू लागली. एकानं घशात बोटं घातली. पोरांनी पातेलं उचललं, नाल्यावर नेऊन उलटं करणार, तेवढ्यात गिरजाबाईनं पातेल्यालाच मिठी घातली. ती जमिनीवर बसली, पातेल्यात हात घातला आणि सगळ्या गावासमोर खाऊ लागली. एकामागून एक तुकडे. काटेही नीट काढत नव्हती. "पाहा, मी खाऊन राहिली," एवढंच म्हणत होती, "पाहा." कुणीतरी तिला दंडाला धरून उठवलं. पातेलं नाल्यात गेलं.

मी भिंतीला टेकून लिंबू हुंगत होतो.

आणि त्या रात्रीचं नाटक? अहो, तसं माझं कधी रंगलं नाही! अध्यक्षांनी आधी माइकवरून जाहीर केलं की भाऊंना अन्नबाधा झाली आहे, तरी भाऊ आपल्यासाठी उभे आहेत. लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते. मी तरंगत होतो. खरं सांगतो, मला तिची आठवण एकदाही आली नाही. लाज वाटायला हवी होती आणि मला मजा येत होती, इतकी की आजही ते सांगताना माझा आवाज चढतो. चढला ना?

ही झाली पहिली गोष्ट. एवढीच असती तर मी सांगायला बसलो नसतो. घाबरून माणूस बोलून जातो, असं स्वतःला समजावलं असतं.

हंगाम संपल्यावर नागपूरला गेलो. जठराची वाट एका जागी आवळली होती, डॉक्टरांनी घशातून नळी घालून, आत फुगा फुगवून ती मोकळी केली. उलट्या कमी झाल्या. मळमळ राहिली, ती अजूनही आहे. पुढच्या मंडईला पुन्हा तेच गाव आलं. अध्यक्ष अभिमानानं म्हणाले, "तुमच्यासाठी स्वयंपाकाची बाईच बदलून टाकली, भाऊ." मी हात जोडले.

दुपारी मी शाळेच्या वर्गात एकटा पडलो होतो. उशी बाजूला, पोट धरून. दारात गिरजाबाई. हातात डबा. तिनं तांदळाची पेज आणली होती, पातळ, किंचित मीठ घातलेली. तुमचं पोट नाजूक आहे म्हणून, म्हणाली. मी एक घोट घेतला, थांबलो. दुसरा घेतला. कळ नाही, मळमळ नाही. महिनोन्‌महिन्यांत माझ्या पोटानं इतक्या मुकाट्यानं काही घेतलं नव्हतं, मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं! मी सगळी पेज प्यायलो. ती समोर बाकावर बसून बघत होती. बाजूला पडलेल्या उशीकडेही तिनं पाहिलं, पण त्याबद्दल काही विचारलं नाही.

मग म्हणाली, "भाऊ, खरं सांगजा. वास येऊन राहिला होता का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. गर्दी नव्हती, माइक नव्हता, कुणी हसणारं नव्हतं. तिला काही परत नको होतं. तिला फक्त कळायला हवं होतं.

मी म्हणालो, "थोडासा."

तिनं मान हलवली, हळूहळू, बराच वेळ. "मले तं आला नव्हता," ती म्हणाली. "तवापासून घरचं कालवन बी सुनेले हुंगाले लावून राहिली. माह्या नाकाचा आता भरवसा नाही." रिकामा डबा घेतला, पदरानं पुसला आणि गेली.

ती आहे अजून. दर मंडईला पेज पाठवते, आणि मी पितो.

मासोळी ताजी होती.