पाटी घडीखोलीची होती

मावशीला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि तिचा जावई भेटेल त्याला सांगत सुटलाय, "आईंना मी टॅब दिला होता ना, शेवटी शेवटी त्यातच रमायच्या." रमायच्या म्हणे! माहीत नसलेल्या माणसाला ऐकून गहिवरून येईल. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहायची सवय नाही, तोंडाला येईल तसं टाईप होतंय, वेडंवाकडं असलं तर चालवून घ्या. पण जे आहे ते खरं आहे.

मावशी धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, ढीगच्या ढीग. आधी मोठ्या मशीनमध्ये धुवायचं, मग इस्त्रीच्या रोलरमधून काढायचं, आणि रोलरमधून गरमागरम चादर बाहेर पडली की ती घडीखोलीत. तिथे एक लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बायका. दोघींनी चादर धरायची, झटकायची, कोपऱ्याला कोपरा लावायचा, की पुढची. मावशीची सगळी जवानी त्या टेबलाशी गेली. तळहात इतके निबर झाले होते की गरम भांडं फडक्याशिवाय उचलायची.

पण वाचायचा नाद भारी. शाळा लहानपणीच सुटली, तरी पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन एकटीच हसत बसली होती, तर रोलरवाली म्हणाली, "मनातल्या मनात काय खिदळतेस गं ताई? आम्ही काय पाप केलंय?" झालं. मावशीने मोठ्याने वाचून दाखवलं. सुट्टी संपली तरी कुणी सोडेना. मग बायकांनीच ठरवलं, हिने वाचायचं आणि हिच्या वाटणीच्या घड्या बाकीच्यांनी घालायच्या. तेव्हापासून घडीखोलीत तीच रीत पडली. वाचणारीच्या घड्या बाकीच्यांच्या अंगावर, आणि कधी कुणी कुरकुर केली नाही. मावशीचा आवाज रोलरच्या घरघरीच्या वरून जायचा. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "नवऱ्याशी भांडून कमावलाय बाई, फुकट नाही मिळाला." गोष्टीत वाईट माणूस आला की साहेबासारखं नाकात बोलायची. साहेब दारात येऊन ऐकायचा आणि त्याला कळायचंसुद्धा नाही.

मग डोळ्याचं दुखणं आलं. बघायच्या जागी मधोमध डाग. अक्षराकडे बघावं तर अक्षर गायब आणि कडेची भिंत स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसरा जपा, तोही किती साथ देईल सांगता येत नाही. मावशीने खोलीत येऊन सांगितलं, "बायांनो, माझं वाचन संपलं." बायकांनी आपसात वर्गणी काढली आणि एक ई-रीडर आणला, कुणाचातरी वापरलेला. करड्या रंगाचा, पाटीएवढा, म्हणून नाव पडलं पाटी. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं, अंगठ्याएवढं सुद्धा. डोळ्यात उजेड मारायचा नाही, कागदासारखं दिसायचं, खिडकीतल्या उन्हात तर आणखी स्पष्ट. आठवडेच्या आठवडे चार्जिंग बघायला नको. मावशी पहिल्यांदा हातात घेऊन म्हणाली, "अगं, ही तर मला दिसतेय!" आणि टेबलावरची चादर तोंडाला लावून रडली. धुतलेली चादर पुन्हा धुवायला टाकावी लागली.

मग सगळ्यांनी मिळून कादंबरी निवडली, असेल नसेल ती सगळ्यात मोठी. तिघी बहिणींची, खाणीच्या गावातली. कागदावर असती तर उशाला घेता आली असती. मावशी म्हणाली, "हा डोळा मिटायच्या आत तुम्हाला ही पुरी वाचून दाखवणार. मग मी मोकळी." त्या दिवसापासून तिचा सगळा जीव त्या एका गोष्टीत.

आता फाटकाची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधी कधीतरी कुणीतरी रक्ताच्या चादरींचा व्हिडिओ काढून पसरवला होता आणि हॉस्पिटलवाल्यांनी रान उठवलं होतं. तेव्हापासून ज्यात कॅमेरा आहे ते फाटकावरच्या पेटीत ठेवायचं, आत नाही. पाटी आणली तेव्हा साहेबाने उलटीपालटी करून बघितली. "कॅमेरा नाही? फोन नाही? गाणी पण नाहीत? मग हे करतं काय?"

"वाचू देतं," मावशी म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग न्या आत."

आता जावई. मावशीला एकच लेक, तिचा नवरा. मोबाईलच्या दुकानात काउंटरला असतो. वाईट नाही हो, पण उपकार करायची हौस दांडगी आणि विचारायची सवय नाही. सुट्टीच्या दिवशी मावशी लेकीकडे गेली, पाटी ठेवलेली पिशवी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी आणायला गेली तर जावई चकचकीत कागदात गुंडाळलेलं खोकं घेऊन उभा.

"आई, डोळे मिटा. आता उघडा!"

खोक्यात टॅब. मावशी म्हणाली, "छान आहे. माझी पाटी कुठेय?"

"ते डबडं? ते दिलं ना बदल्यात. योजना चालू होती. अहो आई, एकाच कामाची वस्तू कोण ठेवतं आता? ह्यात पुस्तकं, पिक्चर, फोन, फोटो, सगळं एकात!"

"जावईबापू, माझा चष्मा पण एकाच कामाचा आहे. तोही देऊन टाकता का?"

तो हसला. त्याला वाटलं विनोद केला. लेक आतून कणीक मळता मळता म्हणाली, "आई, त्यांनी हौसेने आणलंय गं." आणि मावशीने टॅब पिशवीत घातला. लेकीच्या संसाराकडे बघून बायका किती गिळतात ते बायकांनाच माहीत.

बरं, ती पाटी मावशीची तरी होती का? नाही! अख्ख्या घडीखोलीची होती. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायला तोंड लागतं, आणि ह्याचं तोंड आधीच बोलण्यात गुंतलेलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर वॉचमनने टॅब हातात घेतला, पाठीवरचा कॅमेरा बघितला आणि पेटीकडे बोट दाखवलं. "मावशी, तुम्हाला माहीत आहे." मावशी रिकाम्या हाताने खोलीत गेली. बायका कान टवकारून बसलेल्या, कारण गोष्टीतली मधली बहीण घर सोडून निघाली होती. मावशीने खाली मान घालून सगळं सांगितलं. एकीनेही बोल लावला नाही. रोलरवाली तेवढी म्हणाली, "काय पण जावई! दुसऱ्याच्या ताटातलं उचलून सासूला वाढलं." मावशी म्हणायची, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिने उपाय काढला. घरी टॅबवर वाचायचं, लक्षात ठेवायचं, खोलीत तोंडी सांगायचं. पण त्या टॅबचा उजेड थेट डोळ्यात घुसायचा, दोन पानांत घळाघळा पाणी. "उजेड कमी करा ना आई, बटण आहे," जावई म्हणे. कमी केला की अक्षर पुसट. त्यातून नात यायची, "आजी, माझं कार्टून," आणि टॅब तिच्या मांडीवर. गोष्टीतला म्हातारा बाप मरायला टेकलेला, आणि वरून पडद्यावर उडी मारून जाहिरात यायची, अभिनंदन, तुम्ही जिंकलात! एकदा तर बाप मरत असतानाच जावयाचाच व्हिडिओ कॉल. "काय आई, कसा चाललाय टॅब?"

खोलीत जाऊन सांगताना सगळा गोंधळ. "अगं ताई, काल तर तू त्याला पुरलंस, आज जेवतोय कसा?" असं एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या. मावशी पण हसली. पण तिला कळत होतं, उरलेली नजर अशी वाया चाललीय.

मग एके दिवशी डॉक्टरने सांगितलं, चांगल्या डोळ्यातला डागही वाढलाय. मावशी दवाखान्यातून घरी गेलीच नाही. थेट जावयाच्या दुकानात. काउंटरला गिऱ्हाईक, मागे मालक. मावशीने टॅब काढून काचेवर ठेवला. हळू नाही, आपटलाच म्हणा.

"माझी पाटी द्या."

जावई लाल झाला. "आई, घरी बोलू."

"घरी बोलले नाही म्हणून इथे यावं लागलं. तुम्हाला आई म्हणायला येतं, मग आईला काय हवं ते विचारायला काय होतं? मला पिक्चर नकोत. मला कुणाचं तोंड बघत फोन करायचा नाही. माझ्याकडे एक डोळा आहे, त्याला एकच काम आहे, आणि त्या कामाला एकच वस्तू होती. ती तुम्ही विकलीत! दुसऱ्यांची वस्तू विकलीत!"

गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अहो, द्या ना त्यांना त्यांचं." मालकाने जावयाकडे बघितलं. जावई आत गेला आणि बराच वेळ खुडबुड करून मागच्या टोपल्यातून पाटी घेऊन आला. कोपऱ्यावर चरा पडलेला. "आई, ह्यातलं सगळं पुसलंय. रिकामी आहे."

"रिकामी तर रिकामी. पुस्तक भरून द्या. आणि मी इथेच बसते, तोवर."

बसली. भरून घेऊन उठली.

खोलीत वेगळंच भांडण. कुठपर्यंत आलो होतो? खूणही पुसली गेलेली. रोलरवाली म्हणे बहीण गाडीत बसली होती, दुसरी म्हणे छे, अजून दारातच होती, कारण तेवढ्यात ही स्वतःच पाण्याला उठली होती. प्रत्येकीचं वेगळं. मावशीने भांडण मिटवलं, "पहिल्या पानापासून." आणि पुन्हा सुरुवात केली. अक्षर अंगठ्याएवढं होतं ते आणखी वाढवलं, मग पडद्यावर चारच शब्द मावायला लागले. मान तिरकी करून डागाच्या कडेने वाचायची. मधली बहीण पुन्हा घर सोडायच्या आतच डोळ्याने हात टेकले. मग पाटी रोलरवालीने घेतली. ती अडखळत, एकेक अक्षर जोडत वाचायची, आणि मावशी चाचपून चाचपून घड्या घालायची. मधेच ओरडायची, "अगं जोरात! तुझ्या नवऱ्याने तुझ्याशी भांडण केलं नाही वाटतं कधी!"

आणि एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. आदल्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून पाटी घरी आणली होती, शेजारणीकडून वाचून घेणार होती. पुस्तक बरंच राहिलं होतं. ते जे आठवडे टॅबने खाल्ले ना, त्यात तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी आणखी कितीतरी वाचून झालं असतं. कुणी भरून देणार आहे ते?

भेटायला माणसं आली तेव्हा जावयाने तोच टॅब मावशीच्या फोटोंनी चालू करून मधोमध उभा केला. फोटो सरकतायत, आणि मधेच बुटांची जाहिरात. घडीखोलीच्या बायका कामावरून थेट आल्या होत्या. जावई त्यांच्यासमोरही तेच बोलला, "आईंना मी दिलेला. फार रमायच्या."

रोलरवाली उठली, कपाटाशी गेली, पाटी काढली आणि पदराने पुसली. कुणीतरी पाहुणी कुजबुजली, "बाई जाऊन चार दिवस नाहीत आणि घरातल्या वस्तू न्यायला लागल्या!"

रोलरवाली वळली. "वस्तू आमची आहे, ताई. सगळी घडीखोली साक्षीला आहे. पुस्तक राहिलंय, ते संपवायचंय. आणि रमायची ती आमच्यात रमायची."

लेकीने त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "घेऊन जा काकू. आईने तसंच सांगितलं असतं." आणि हात लांब करून तिने तो मधोमध उभा केलेला टॅब बंद केला.

बायका जिना उतरल्या. जावई आत गेला, खण उघडला आणि पाटीचा चार्जर घेऊन त्यांच्या मागे धावला. धावू दे. अजून सगळं देणं फिटलं नाही.