होळीत गेलेल्या मागण्या

बालाघाटात ‘नाही’ हा शब्द न उच्चारता माणसाला परत पाठवण्याची कला माझ्या साडूंइतकी कुणालाच साधली नव्हती, आणि हे मी सगळ्या सरकारी कचेऱ्या जमेस धरून म्हणतो आहे. साडू स्वतः अशाच एका कचेरीत पंधरा वर्षं होते. फायलींना कंटाळून त्यांनी नोकरी सोडली, एक कॉम्प्युटर आणला आणि राइस मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहू लागले. कुणाचं धान किती पोती आलं, तांदूळ किती निघाला, हे पडद्यावर दिसायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिऱ्हाइकं जेमतेम सात, पण प्रत्येकाला प्रोग्राममध्ये रोज काहीतरी नवीन हवं असे.

तोंडी मागणी साडू ऐकूनच घेत नसत. “लिहून द्या भाऊ, तोंडचं हवेत जाते,” म्हणत कोरा कागद पुढे सरकवत. कागदावर आवक क्रमांक पडे आणि तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. होळीच्या दिवशी तो डबा होळीत रिकामा होई. त्यामागे तत्त्व होतं: गरज खरी असेल तर माणूस पुन्हा येतो, तीनदा आली ती मागणी खरी. माझी मेहुणी म्हणे, “मी सहा वर्षं झाले मिक्सर मागून राह्यली. माही मागणी काहून खरी होत नाही?” साडू शांतपणे सांगत, “तू लेखी दिलं नाही.”

या तत्त्वाचा पहिला लाभ कटंगीच्या मिलवाल्या शेठांना झाला. त्यांना छापून येणाऱ्या प्रत्येक कागदावर आणि पडद्यावरही फुल्याफुल्यांचं कमळ हवं होतं, खाली स्वतःचं नाव. “काहून जी, आमचं कमळ कवा उगवून राह्यलं?” असं ते रस्त्यावरूनच ओरडत. सात वेळा ओरडले, आणि सातही वेळा आत येऊन लिहून दिलं. म्हणजे नियमानुसार जिल्ह्यातली सर्वांत खरी गरज तीच ठरली. साडू तीन महिने पाकळ्या जुळवत बसले, आणि कमळ उमलल्यावर इतके खूश झाले, की ते न मागणाऱ्या गिऱ्हाइकांनाही वाटायला निघाले. मला सुट्टी होती, मीही गेलो.

किरनापूरच्या मिलमध्ये म्हातारे मुनीमजी कॉम्प्युटरवर बसत. पडद्यावरच्या कमळाला त्यांनी आधी हात जोडले. मग भिंग काढलं, नाक काचेला टेकवलं आणि एकेक आकडा शोधू लागले. मालक आमच्यासमोरच म्हणाले, “हा महिना पाहतो. मंग दुसरा मानूस बसवतो. यायले दिसतच नाही.”

“मुनीमजी, अक्षरं बारीक आहेत हे तुमी सांगितलं काहून नाही?” साडूंनी विचारलं.

“सांगितलं नं साहेब. दिवाळीले कार्ड टाकलं होतं.”

“मंग पुन्हा?”

मुनीमजी ओशाळून हसले. “एक डाव सांगितलं होतं नं. कामाच्या मानसामागं किती लागावं?”

दिवाळीनंतर होळी येऊन गेली होती. साडूंनी मुनीमजींना उठवलं आणि स्वतः बसले. अक्षरं दुप्पट करण्याची आज्ञा एका ओळीची होती. उरलेले दोन तास रकाने पुन्हा मांडण्यात गेले. कमळाला जागा उरली नाही, ते पुसलं गेलं.

“बसा,” साडू म्हणाले.

मुनीमजी बसले. भिंग उचललं, पडद्याकडे पाहिलं आणि खाली ठेवलं. मग खुर्ची हातभर मागे सरकवून मोठ्यानं वाचू लागले: कुणाची किती पोती, कोणत्या गावची. पान संपलं, तरी थांबेनात. मागच्या आठवड्याचं काढून वाचू लागले. मालक दारात येऊन ऐकत उभे राहिले आणि मग आत गेले. कुणाचंच बोलणं पुरतं न ऐकणारे माझे साडू पोत्यावर टेकून सगळं ऐकत होते. चारची बालाघाटची बस मिलसमोरून गेली. साडूंनी तिला हातसुद्धा दाखवला नाही.