कंसातला खंदक

माझ्या युद्धनाटकाच्या पहिल्याच वाचनाला दिग्दर्शक म्हणाला, संवाद यथातथाच आहेत, पण कंसात जे लिहिलंयस त्याने जीव गुदमरतो. मला राग आला. संवादांवर मी महिने घालवले होते. कंसातल्या सूचना एका बैठकीत खरडल्या होत्या.

त्यांच्यासाठी विचार करावाच लागला नव्हता. 'दहा बाय अकराचा खंदक. खिडकीएवढ्या फटीवर जुनी वर्तमानपत्रं. छतातून मधूनमधून माती गळते. जखमी शिपाई सारखा वेळ विचारतो. दुसरा घड्याळ न बघताच सांगतो.' ही आमची डोंबिवलीची खोली होती. बाबा अर्धांगवायूने तीन वर्षं तिथे पडून होते. त्यांना उजेड सोसायचा नाही म्हणून खिडकीला पेपर, वर पोपडे आलेलं छत. मी तिथे पुरता अडकलो होतो. हे एकदाचं कधी संपणार, असं मनात यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची. आईला हे कधी कळू नये, एवढीच माझी धडपड होती. बाबा गेल्यावरही.

आमचा नेपथ्यकार भलताच काटेकोर. त्याने मोजून दहा बाय अकराच उभारलं. ठाण्याच्या त्या ऐसपैस रंगमंचावर मधोमध तेवढीच पेटी आणि बाकी सगळा काळोख. पडदा उघडला आणि खोकणारी माणसंसुद्धा गप्प झाली. पहिलं वाक्य अजून यायचं होतं. दिग्दर्शकाचं म्हणणं मला नाइलाजाने पटलं. शेजारी आई बसली होती. शिपायाने तिसऱ्यांदा वेळ विचारली तेव्हा तिने पदर तोंडाशी नेला. मला उठून पळावंसं वाटलं, पण आम्ही रांगेच्या अगदी मधोमध होतो.

प्रयोगानंतर ती आवारात चहाचा कप धरून उभी होती. ती रडेल, चिडेल, बोलणंच टाकेल, सगळ्यावर मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

"खोली ओळखली मी," ती म्हणाली. "तुला नकोसं व्हायचं, तेही दिसायचं. मलाही व्हायचं."

तिने कप खाली ठेवला.

"पण खंदकात दोघंच होते रे. तू आणि बाबा. तू तर सकाळी आठला वागळे इस्टेटला कामावर जायचास. मग दिवसभर तिथे कोण होतं?"