स्वखुशीने

त्या कागदावर 'स्वखुशीने' असा शब्द होता. शाळेनंच टाइप करून ठेवला होता. माझ्या मुलीचा, इयत्ता चौथी, दाखला मी स्वखुशीने काढून नेत आहे, माझी शाळेविरुद्ध काही तक्रार नाही. खाली सहीसाठी रेघ.

शहाण्णव साल होतं. कोल्हापुरातली नावाजलेली शाळा. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत तीन पालक खुर्च्यांवर बसलेले. मी उभी. चहा आला. ट्रे माझ्या पुढून त्यांच्याकडं गेला आणि रिकामा परत गेला.

बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाल्या, "सही येते ना? की अंगठ्याचं पॅड मागवू?"

मी दहावी पास होते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला होते, ओतकामासाठी वाळूचे साचे करायचं काम. अर्धी सुट्टी टाकून तशीच आलेली. नखांत काळी वाळू. बाईंनी माझी नखं बघितली आणि माझं शिक्षण ठरवून टाकलं.

गुन्हा काय, तर माझी सुजाता वर्गात आवाज काढायची. तिची मान डावीकडं झटका खायची. डोळे फडफडायचे. घशातून 'हुक्' असा आवाज यायचा, तासाला पाच वेळा, कधी पन्नास वेळा. आणि समोरच्याचा शेवटचा शब्द तिच्या तोंडून परत निघायचा. वर्गातल्या बाई म्हणाल्या, "वह्या काढा," की ही म्हणायची, "काढा." वर्ग हसायचा. बाईंना वाटायचं, पोरगी मला वेडावते. मग बाकावर उभं राहा, अंगठे धर, तोंडात रुमाल कोंब. रुमाल कोंबून दोन तास बसवलं होतं तिला. हे तिनं मला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

खुर्चीवरचे एक गृहस्थ म्हणाले, आमची मुलं घरी येऊन हिची नक्कल करतात. मुख्याध्यापिका बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आज हे आवाज आहेत. उद्या शिव्या येतील. वस्तीत मुलं जे ऐकतात, तेच बोलणार."

कुठली वस्ती, ते त्यांनी सांगितलं नाही. खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

पोरगी असं का करते, मला तरी कुठं ठाऊक होतं? मी सही केली. वळणदार केली. शिकलेली आहे हे दिसावं म्हणून. आपल्या पोरीला शाळेतून काढायच्या कागदावर मी अक्षर नीट काढत होते.

बाहेर व्हरांड्यात सुजाता दप्तर घेऊन उभी होती. म्हणाली, "आई, मी काय केलं?"

मी तिच्या कानाखाली मारली. बाईंना मारायची ती तिला मारली.

मग गडमुडशिंगीची आमची गावातली शाळा. गुरुजी चांगले होते, म्हणजे तिला मारत नव्हते. मागच्या बाकावर बसवलं आणि विसरून गेले. घरी तिचे वडील. टेम्पो चालवायचे. दिवसभर हॉर्न ऐकून आलेला माणूस, जेवायला बसला की हिचा 'हुक्' सुरू. सुरुवातीला दटावलं, मग ताट लोटून उठायला लागले. मी पोरीला म्हणायची, थांब की जरा, बाबा जेवत्यात. ती थांबायची. तोंड लाल व्हायचं, डोळ्यांत पाणी. ते हात धुवायला उठले की सगळे साठलेले आवाज एकदम बाहेर. शेजारीण म्हणाली, बघा, मनात आलं तर थांबवती की. नाटकं हायत सगळी.

डॉक्टर किती झाले. एकानं जंताचं औषध दिलं. एकानं चष्मा. एकजण म्हणाला, लाड कमी करा. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव सोडले. त्या घरात मी सून. सकाळी बुद्धवंदना म्हणायची, आणि एका बाबाकडनं आणलेला ताईत पोरीच्या दंडाला बाहीच्या आत बांधायची. नवऱ्याला दिसू नये म्हणून. कुणी काही सांगणारं नसलं की माणूस कुठं कुठं जाऊन पोचतं. मी पोचले. त्या ताइताची लाज मला अजून वाटते, पण लपवणार नाही.

चार वर्षं अशी गेली. सुजाता आठवीला परत कोल्हापुरात आली, दुसऱ्या हायस्कुलात. तेव्हा फाउंड्रीतल्या एका बाईनं मेंदूच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तिच्या भावाची फिट त्यांनी बरी केली होती.

त्या डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. सुजाताला समोर बसवलं, पाच-दहा मिनिटं नुसतं बघितलं. मग तिलाच विचारलं, "मान उडायच्या आधी आत काही होतं का तुला?"

ती म्हणाली, "व्हय. शिंक यायच्या आधी होतंय की, तसं मानेत होतंय. उडवली की जातंय."

मी तिच्या शेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकत होते. चार वर्षं मी तिला थांब म्हणत होते. काय होतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. मेंदूतली गोष्ट आहे. पोरीचा दोष नाही, तुमचाही नाही. बुद्धीला काही होत नाही. थोडा वेळ दाबता येतं, शिंक दाबावी तसं, पण कायम नाही. कमी-जास्त होत राहतं, वय वाढेल तसं बऱ्याच जणांचं कमी होतं. गोळ्यांनी काहींना फरक पडतो. रागावलं, टोकलं की वाढतं. शाळेला समजावून सांगा.

मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, लिहिलेलं काही द्या, मराठीत. त्यांनी खण उघडला. इंग्रजी पुस्तिका होती. म्हणाले, मराठीत काही नाही हो. मी विचारलं, अशी आणखी पोरं असतील, त्यांचे आई-बाप कुठं भेटतील? ते म्हणाले, परदेशात असे गट असतात.

परदेशात. मी शिरोलीपर्यंत जायला दोन बस बदलत होते.

सुजाता आणि मी स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत गेलो. तिनंच त्या रोगाचं नाव टाइप केलं. चार पानं छापून आणली. महिनाभर दोघी डिक्शनरी घेऊन बसलो. एका ठिकाणी लिहिलं होतं, शाळेतल्या समुपदेशकाला भेटा. आमच्या गावच्या शाळेत मुलींना संडास नव्हता. पुढं लिहिलं होतं, जवळच्या आधारगटाला फोन करा. सुजाता हसायला लागली. हसता हसता मान उडत होती. मला हसू येईना. ही पानं कुणासाठी लिहिली होती? आमच्यासाठी लिहायला कुणाला वेळ झाला नव्हता.

तरी त्यातनं एक पान मराठी तयार केलं. सोपं. रोग म्हणजे काय, पोरगं मुद्दाम करत नाही, शाळेनं काय करावं. अक्षर सुजाताचं. तिच्या बाबांनी ते टेम्पोत बसून वाचलं. घरात आले, तिच्या शेजारी जेवायला बसले. ताट लोटून उठणं त्या दिवसापासून बंद झालं.

ते पान घेऊन मी शाळेत जाणार, त्याआधीच शाळेनं मला बोलावलं. सहामाही परीक्षा जवळ आलेली. मुख्याध्यापक सर बोलायला गोड. मुलीच्या आवाजानं बाकीच्यांची परीक्षा बिघडते, आमच्यावर दबाव आहे, तिच्याच भल्यासाठी दुसरी शाळा बघा. आणि खणातून कागद काढला. मी तो वाचला. शाळा वेगळी, टाइप वेगळा. शब्द तोच.

मी आमचं पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी न वाचता बाजूला केलं.

"आम्ही माणुसकीनं सांगतोय, बाई," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, माझी खुशी न्हाय. तुमची असली तर तुम्ही लिवा. आजारी हाय म्हणून शाळा हिला काढतीया, असं लिवा. खाली तुमची सही करा. शिक्का मारा. मी लगेच दाखला घेऊन जातो."

सरांनी पेन उघडलं. माझ्याकडं बघितलं. पेन बंद केलं.

इतकं सोपं होतं ते. चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर.

जिंकलो म्हणावं असं काही झालं नाही. सुजाताला परीक्षेला वेगळं बसवलं, खेळाच्या सामानाच्या खोलीत. भाले, गोळे, फाटकी नेट आणि माझी पोरगी. घरी येऊन म्हणाली, तिथं आवाज दाबायला लागला नाही, पेपर चांगला गेला. पण मी सामान हाय काय?

मी परत गेले. पुढचे पाच-सहा महिने जात राहिले. वार्षिक परीक्षेला तिला ऑफिसशेजारची स्वच्छ खोली मिळाली, आणि सुजातानं मागून घेतलं ते वेगळंच. वर्गापुढं उभं राहून तिनं आमचं पान स्वतः वाचलं. मधे मधे 'हुक्' येत होतं. एका पोरीनं विचारलं, हे दुसऱ्याला लागतंय काय? ही म्हणाली, लागत असतं तर आपल्या वर्गाच्या बाईंना कवाच झालं असतं.

त्या पानाच्या झेरॉक्स, खाली आमचा पत्ता लिहून, मी डॉक्टरांकडं ठेवल्या. एका रविवारी नेसरीहून एक शेतकरी आला, पान खिशात घडी घालून. त्याची लेक नऊ वर्षांची. घरी पावणं आलं की तिला गोठ्यात बसवायचे. हे सांगताना त्याची मान खाली होती. मी चहा ठेवला. त्यानं आमचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. कप त्याच्या हातात होता. त्यानं एकदा कपाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग प्याला. म्हणाला, "लेकीला घिऊन येऊ का पुढच्या रविवारी?"

मी म्हटलं, या की. पण गोठ्यात एक दिवस बी बसवायचं न्हाय आता.

आज आम्ही सहा घरं आहोत. महिन्यातून एक रविवार समाजमंदिरात जमतो. पोरं आवाज काढतात, उड्या मारतात, कुणी वळून बघत नाही. सुजाता कॉलेजला आहे. तिची मान अजून उडते.

सहा घरांनी मिळून जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला अर्ज केला. मागणं साधं. या मुलांना शाळेतून काढू नये, परीक्षेला नीट जागा आणि जास्त वेळ द्यावा, हे सगळ्या शाळांना लेखी कळवा. पहिल्यांदा गेलो, साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेलो, अर्ज सापडेना. तिसऱ्यांदा साहेब भेटले. म्हणाले, असे असून असून किती असणार? पाच-सहा पोरांसाठी परिपत्रक काढायचं का?

किती आहेत ते मला माहीत नाही. कुणी मोजलेलंच नाही. गोठ्यात बसलेली पोर मोजायची कशी?

सोमवारी आम्ही चौथ्यांदा जाणार आहोत. सहाही घरं, पोरांसकट. पोरांना मी सांगितलंय, साहेबांपुढं एकही आवाज दाबायचा नाही. नेसरीवाल्यांनी विचारलं, साहेब चिडले तर? चिडू द्या म्हटलं. मी आता कुणाला समजून घ्या म्हणणार नाही, हात जोडणार नाही. पोरांना शाळेतून काढणार असाल तर काढतो म्हणून लिहून द्या, नसाल तर नाही म्हणून लिहून द्या. दोन्हीतलं एक लेखी हातात पडल्याशिवाय आम्ही तिथनं हलणार नाही.