तीन काड्यांची भरणी

निपाणीच्या बसस्टँडवर अप्पांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि म्हणाले, "दोन वर्सं कर नोकरी. मग वखारीची किल्ली तुझी." त्यांचा जन्म बिडीच्या तंबाखूत गेला होता. प्रांतरचनेनंतर आपलं गाव म्हैसूर राज्यातच आलं होतं. तेव्हा म्हैसूर म्हणजे काही परमुलूख नव्हे, असं मीच त्यांना पटवलं होतं.

दोनाची नऊ वर्षं झाली. मी इथं म्हैसूरला व्हर्जिनिया तंबाखूच्या खरेदी केंद्रात वजनं नोंदवत होतो. इथल्याच मराठी घरातल्या मुलीशी लग्न केलं. नवव्या वर्षी अप्पा मला परत न्यायला आले. धाकट्या, ते एकटेच का परतले आणि किल्ली तुझ्याकडे कशी आली, हे तू कधी विचारलं नाहीस.

माझ्या वरिष्ठांनी निवृत्त होताना मला पाइप आणि काळ्या व्हर्जिनियाचा डबा दिला होता. इथलं पान पिवळं. ते उष्णता देऊन, दाबून, महिनोन्महिने ठेवलं की काळपट होतं, त्याला मनुकांचा आणि जुन्या गुळाचा वास येतो. पण ओढायला हट्टी. ओलसर असल्यामुळे सारखं विझतं. विझू नये म्हणून भराभर ओढावं, तर जीभ भाजते. रिकाम्या पोटी डोकं गरगरतं. मी मोजलं होतं : एकदा भरलेला पाइप संपेपर्यंत, म्हणजे एका भरणीला, काडेपेटीच्या अकरा काड्या.

वडिलांसमोर ओढायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून मी परसात, बंबाच्या आडोशाला बसत असे. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला तिथंच गाठलं. जमिनीवरच्या जळक्या काड्यांकडे ते बघत राहिले. मग डब्यातली दाबलेल्या तंबाखूची एक चकती उचलून कानाजवळ चुरगळली.

"आवाज न्हाई. ओलं हाय. सावलीत पसर तासभर."

तासानं त्यांनी स्वतः पाइप भरला, खाली सैल, वर जरा दाबून. माझ्या हातात देत म्हणाले, "ओढ. माझ्यासमोर ओढ. सावकाश."

तीन काड्यांत ती भरणी तळापर्यंत जळली. जीभ भाजली नाही, गोडवा शेवटपर्यंत टिकला. मधेच कधीतरी मी सांगून टाकलं, की मी परत येणार नाही.

आतून माझ्या मुलीनं विचारलं, "अज्जा, ऊट झालं?" जेवणाला ती कन्नडच शब्द वापरते.

"झालं गं बाय," अप्पा म्हणाले. आम्ही कुणीच जेवलो नव्हतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "किल्ली धाकट्याला देतो."

आता अप्पा नाहीत. कुणी गाव विचारलं तर मी निपाणी सांगतो, पत्ता म्हैसूरचा देतो, आणि दोन्ही खरं आहे. रविवारी तंबाखू तासभर सावलीत पसरतो, चकती कानाशी नेतो, पाइप त्यांच्यासारखाच भरतो. चार काड्या लागतात, कधी पाच. तीनमध्ये पुन्हा कधी जमलं नाही.