ओला पोकळा

पोकळ्याची जुडी आईच्या तोंडावर बसली. पाटलीणबाईनं फेकून मारली होती. आईच्या कपाळाला पानं चिकटली, पाणी नाकावरून ओघळलं, आणि भर बाजारात ती तशीच हात जोडून उभी राहिली. मी शेजारीच, टोपलीपाशी. साक्रीकडचं आमचं गाव. दसरा होऊन गेलेला, ऊन नुसतं भाजत होतं.

आईचा गुन्हा काय? तिनं भाजीवर पाणी मारलं.

आम्ही महार. आमच्या हातचं कोरडं गावाला चालायचं. सरपण चालायचं, गवत चालायचं. भाजीही चालायची. ती जमिनीवर ठेवायची, आपण मागं सरकायचं, मग गिऱ्हाईक स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडून उचलणार. त्यांचं पाणी पडलं की भाजी शुद्ध. आमचं पडलं की बाटली. भाजी तीच, देठ तेच. एवढी अक्कल या लोकांनी कुठून आणली, देव जाणे.

समोर माळणी बसल्या होत्या. त्या घडोघडी पाणी मारत होत्या, त्यांचा माल टवटवीत. आमच्या पोकळ्यानं माना टाकल्या. आईला राहवलं नाही. गाडग्यातलं ओंजळभर पाणी तिनं शिंपडलं. जरा वेळानं पाटलीणबाई आली, तिनं जुडी उचलली आणि तिचा हात ओला झाला.

"हाई ओलं शे," ती म्हणाली. "पानी कोनं?"

आईला खरं बोलायची खोड. "आमनंच शे, बाई. पावसानं."

त्यावर ती जुडी आली.

ते पावसाचं पाणी माझ्या बापानं धरलेलं. गावच्या विहिरीला आम्ही शिवायचं नाही. खाली घागरी मांडून बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. प्यायला पुरत नव्हतं, तिथं भाजीपाला कसला? पण आमच्या घरामागं मुरमाचा चढ होता, आणि पावसाळ्यात सगळं पाणी त्यावरून नाल्याला जायचं. बाप दरवर्षी ते बघत बसायचा. एका उन्हाळ्यात त्यानं कुदळ उचलली. तो गावचा येसकर. पाटलाचे सांगावे पोचवायचे, वेशीवर बसायचं, मेलेली ढोरं ओढायची. ते सगळं उरकून उरलेल्या वेळात खणायचा.

त्यानं चढावर आडवा चर काढला. चराच्या तोंडाशी लहान खळगी करून तीत दगडगोटे भरले, गाळ तिथंच बसावा म्हणून. त्याच्या खाली मोठा खड्डा. चिकणमातीत भुसा आणि शेण कालवून मी आणि आई तुडवायचो, बाप आत उतरून ते भिंतींना थापायचा. तळाशी पोकळ बांबू बसवला, त्याच्या तोंडात चिंधीचा बोळा. बोळा काढला की पाणी आपसूक वाफ्यांत. ऊन लागू नये म्हणून वरून कापसाच्या पऱ्हाट्या झाकल्या. खड्डा भरला त्या दिवशी बाप काठावर बसून हसत होता.

"मधमा कोनाच हात नही," म्हणाला.

वरून आलं ते थेट आमच्या वाफ्यात. बापाला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

आम्ही बाजारातून घरी पोचलो तर पाटील खड्ड्यावर हजर. बाप पागोटं काढून विनवत होता, आबा, पाऊस तर सगळ्यांवरच पडतो. पाटील म्हणाला, महारानं घरी पाणी साठवलं तर उद्या विहिरीखाली वाट बघत कोण बसेल? तेवढं मात्र तो खरं बोलला. मग हुकूम सुटला.

"जेनी खंदं, तेनीच बुजानं."

बापानं फावडं घेतलं. मी धावत जाऊन खड्ड्यात उतरले आणि पाण्यात बसले. छातीपर्यंत पाणी. मी म्हणाले, "मी काय उठाव नही." पाटील हसला. बापाला म्हणाला, टाक तू माती, आपोआप उठेल.

आणि बापानं टाकली. माझ्या बापानं. पहिलं फावडं पायाशी पडलं, पाणी गढूळ झालं. दुसरं मांडीवर. बाप रडत होता, फावडं थांबत नव्हतं.

"ऊठ माय," म्हणाला. "मनाकडे देखू नको."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. शेवटी आईनं दंड धरून ओढून काढलं.

बापाचा राग मला कधीच आला नाही. राग आला तो पाटलाच्या त्या हसण्याचा. येसकराच्या घरानं संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची रीत होती, ते माझं काम. त्या संध्याकाळी मी टोपली उचलली नाही. पुन्हा कधीच नाही. आईनं मारलं, मी उपाशी निजले, पण त्यांच्या दारात गेले नाही.

बाप त्यानंतर जगला, पण नावाला. पाऊस आला की दारात बसून चढावरून वाया जाणारं पाणी बघायचा. आपण परत खणू, मी म्हणायचे. त्यानं कुदळ पुन्हा हाती घेतली नाही. तसाच गेला बिचारा. आई त्याच्यामागून गेली. आज इतकी वर्षं धुळ्याला लोकांच्या मळ्यांत राबते आहे, पण कुणाच्या पाटाला पाणी सोडलेलं दिसलं की काळीज फाटतं.

ती जागा अजून आमचीच आहे. भाऊबंद म्हणतात, कशाला जुनं उकरतेस? उकरणारच. या उन्हाळ्यात कुदळ घेऊन चालले आहे. बापानं ज्या हातांनी खड्डा बुजवला, त्यांच्याच रक्ताचे हे हात तो मोकळा करतील. पोकळा लावीन. आई उभी होती त्याच जागी बाजारात टोपली मांडीन. गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या देखत भाजीवर आधी पाणी मारीन, चांगलं निथळेपर्यंत. ज्याला चालत नाही त्यानं पुढं जावं. कोरडी भाजी माझ्याकडे मिळणार नाही.